जपानी पेटीला 'लाखेची' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: जपानी लॅकरच्या जुन्या पेटीला मराठीत 'लाखेची पेटी' म्हटलं तर चालेल का, आणि तिच्यावरच्या 'माकिए'ला, म्हणजे सोन्याच्या पुडीने केलेल्या चित्रकामाला, 'सोनेरी नक्षी' म्हणावं का?

'लाखेची' चालणार नाही असं माझं मत. 'लॅकर'च्या मुळाशी आपली लाखच आहे हे खरं, पण जपानी वस्तूत ती नसते. लाख किड्यांची, उष्णतेने मऊ होणारी. जपानी लेप असतो उरुशीचा, म्हणजे एका झाडाच्या चिकाचा. हे झाड बिब्ब्याच्या कुळातलं आहे. ओला चीक अंगाला लागला तर बिब्ब्यासारखाच उततो. उरुशी 'वाळते' असंही लिहू नये. ती घट्ट व्हायला दमट हवा लागते, म्हणून लेप दिलेली वस्तू मुद्दाम ओलसर कपाटात ठेवतात. तेव्हा सरळ 'उरुशीकाम' म्हणावं. शब्द मराठीत बेमालूम मिसळतो.

माकिएतलं 'माकु' म्हणजे पेरणं, शिंपडणं आणि 'ए' म्हणजे चित्र. उरुशीने आकृती काढायची आणि ती ओली आहे तोवर नळीतून सोन्याची पूड तिच्यावर भुरभुरायची. 'नक्षी' म्हटलं की आधी कोरीवकाम डोळ्यांपुढे येतं. मी 'सुवर्णपेर' म्हणेन. नाकं मुरडणारे मुरडोत.

खरी पंचाईत चिन्हांची होते. शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) तोकुगावा इएमित्सूची मुलगी चियोहिमे हिचं 1639 साली लग्न झालं, तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती. तिच्या लग्नासाठी कोआमी नागाशिगेने घडवलेल्या उरुशीच्या वस्तू आज नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात आहेत. त्यांवर 'गेंजी मोनोगातारी' या जुन्या जपानी कादंबरीतल्या 'हात्सुने' या प्रकरणाचं चित्र आहे. त्यात लेकीपासून दुरावलेली आई नववर्षाला तिला कविता पाठवते: तुझ्या पाखराचा वर्षातला पहिला सूर मला ऐकू दे. कवितेची अक्षरंही चित्रात विखरून दडवलेली आहेत.

कवितेत 'मात्सु'वर श्लेष आहे: पाइनचं झाड आणि वाट पाहणं. पाइन म्हणजे दीर्घायुष्य, हे कुठलंही माहितीपत्रक सांगेल. इथे मात्र त्या झाडाआड वाट पाहणारी आई उभी आहे. नुसतं 'पाइन वृक्षाची नक्षी' लिहिलं की ती गेलीच. अशा ठिकाणी 'मात्सु' तसाच ठेवून दोन्ही अर्थ तळटीपेत द्यावेत.