बोलका मुलगा आणि कोरी वही

“टीचर, हा मोबाईलवर बोलतो आणि मोबाईल लिहितो. मग ह्यात हा शिकला काय?” गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका गावातून कदंबची (राज्याच्या सरकारी सेवेची) पहिली बस पकडून वाळपईला आलेल्या एका आईने हा प्रश्न विचारला आणि मुलाची वही माझ्यासमोर ठेवली. मुलगा आठवीत होता. आवाजावरून टंकन करण्याची सोय वापरून त्याने मराठीचा गृहपाठ केल्याचे शाळेत लक्षात आले होते, त्याला “फसवणूक” हा शब्द ऐकावा लागला होता, आणि वडिलांनी त्याच संध्याकाळी मोबाईल कपाटात बंद केला होता. गेल्या दोन-तीन वर्षांत शब्दांचा थोडाफार फरक सोडला तर हाच प्रश्न मला अनेक पालकांनी विचारला आहे. त्यामुळे ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून, आणि त्या कुटुंबाच्या संमतीने, ही हकिगत सविस्तर लिहीत आहे.

मुलाची प्राथमिक शाळा मराठी माध्यमाची होती. गोव्यातील असंख्य मुलांप्रमाणे पाचवीत तो इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात गेला आणि मराठी हा एका भाषेचा तास उरला. वहीत पहिल्या पानावर चार ओळी, पुढची दोन पाने कोरी, मग पुन्हा तीन ओळी, असा क्रम होता. शिरोरेषा शब्दाच्या मध्येच तुटलेली, जोडाक्षरे सुटलेली, पहिली वेलांटी कधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेली. इंग्रजी वहीही फारशी वेगळी नव्हती. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली, कारण अडचण एकाच भाषेत असती तर मी सरावाची उणीव आधी तपासली असती.

वही बाजूला ठेवून मी त्याला काजूच्या हंगामाबद्दल विचारले. घरची काजूची बागायत डोंगरावर आहे, एवढे आईने सांगितले होते. त्यानंतर तो जवळजवळ दहा मिनिटे न थांबता बोलला. पहाटे बोंडू (काजूची फळे) कसे गोळा करतात, बी पिळून कशी वेगळी काढतात, कोळंबीत, म्हणजे बोंडू तुडवायच्या दगडी कुंडीत, पाय घसरू नये म्हणून काय करावे लागते, तुडवून झाल्यावर दगडाच्या भाराखाली निथळणारा निरो (रस) वेगळा का ठेवतात, भाण (दारू गाळायचे भांडे) चुलीवर चढल्यावर पहिल्या धारेची दारू म्हणजे हुर्राक आणि पुन्हा उकळून काढलेली फेणी यांत काय फरक, हे सर्व त्याने क्रमाने, कारणांसह आणि मधूनच आजोबांच्या आवाजाची नक्कल करत सांगितले. मग मी तेच लिहायला सांगितले. वीस मिनिटांत पाच ओळी झाल्या. पेन इतके घट्ट धरलेले की बोटांची पेरे पांढरी पडली होती. पाचवी ओळ होती, “काजू आम्हाला खूप आवडतात.”

त्या आईला मी जे सांगितले, तेच या लेखात मला सांगायचे आहे. लिहिणे या एका शब्दात आपण दोन वेगळी कामे कोंबतो. काय सांगायचे हे शोधणे, त्याचा क्रम लावणे, योग्य शब्द निवडणे हे एक काम. आणि तो शब्द अक्षर, मात्रा, जोडाक्षर, शिरोरेषा यांच्यासह कागदावर उतरवणे हे दुसरे. बहुतेक मुलांचे दुसरे काम तिसरी-चौथीपर्यंत हाताच्या सवयीचे होते आणि लक्ष पहिल्या कामासाठी मोकळे राहते. या मुलाचे सगळे लक्ष आठवीतही दुसऱ्याच कामात खर्च होत होते. हुर्राकाचे वर्णन मनात तयार असताना ‘र्रा’ कसा काढायचा या विचारात तो अडकत होता, आणि तोपर्यंत पुढचे वाक्य निसटत होते. म्हणून त्याने सोपे शब्द आणि छोटी वाक्ये निवडायला सुरुवात केली होती, आणि वहीवरून पाहणाऱ्याला वाटत होते की मुलाला काही सुचतच नाही.

मोबाईलवर बोलून लिहिणे हे दुसऱ्या कामाचे ओझे उचलते. पहिले काम मुलाचेच राहते. हे आईला पटावे म्हणून मी त्याला तिच्यासमोर त्याच विषयावर बोलून लिहायला लावले. पडद्यावर दीड पानभर मजकूर उमटला. पण त्यात एकही पूर्णविराम नव्हता, आणि ‘कोळंबी’, ‘निरो’, ‘हुर्राक’ या शब्दांच्या जागी भलतेच शब्द आले होते. तो मजकूर दुरुस्त करायला त्याला अर्धा तास लागला. वाक्य कुठे संपते हे ठरवण्यासाठी त्याला स्वतःचे बोलणे पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचावे लागले. एके ठिकाणी तो थांबून म्हणाला, “टीचर, हे आधी यायला पाहिजे होते,” आणि त्याने तीन वाक्ये उचलून वर नेली. आपले लिखाण पुन्हा वाचून त्याची मांडणी बदलण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. वहीत खाडाखोड झाली की ओरडा बसत असल्याने ती संधी त्याला कधी मिळालीच नव्हती.

कळफलकाचाही मी आग्रह धरला, त्याला कारण आहे. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, पण तिचा उच्चार अक्षरानंतर होतो. ‘स्थिती’ लिहिताना ती चक्क जोडाक्षराच्याही आधी उभी राहते. इनस्क्रिप्ट पद्धतीच्या (भारतीय लिपींसाठीच्या प्रमाणित) कळफलकावर मात्र उच्चाराचाच क्रम चालतो: स, हलन्त (पाय मोडण्याची खूण), थ, वेलांटी, त, वेलांटी. ज्या मुलाच्या हाताचा आणि कानाचा मेळ बसत नाही, त्याला शब्द आतून कसा बांधलेला आहे हे या क्रमातून स्पष्ट दिसते. दोन आठवड्यांनी त्याने हातानेही जोडाक्षरे पूर्वीपेक्षा बरी काढली. याचे सर्व श्रेय मी कळफलकाला देणार नाही, कारण हाताचा सरावही सोबत चालू होता.

तो सराव मी मुद्दाम ठेवला होता. शाळेतील परीक्षा कागदावर होते आणि लिहिता हात पुढेही लागतो. रोज दहा मिनिटे, चौकटीच्या वहीत, त्याच्याच निबंधातील दोन वाक्ये. पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी तर अक्षरे हातानेच गिरवावीत असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वयात आवाजी टंकनाची सवय लावू नये.

शाळेतील मराठीच्या शिक्षिकांची शंका वेगळी आणि रास्त होती. टंकन करणारी मुले विचार न करता नुसते उतरवून घेतात असे त्यांनी वाचले होते. पाम म्यूलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत असेच काहीसे दिसले होते: लॅपटॉपवर टिपणे घेणारे वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवत होते आणि संकल्पनेवरील प्रश्नांत मागे पडत होते. पुढे हा प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला तेव्हा फरक इतका स्पष्ट आढळला नाही. शिवाय तो प्रश्न दुसऱ्याचे बोलणे टिपून घेण्याचा आहे. स्वतःचे म्हणणे रचण्याबाबत स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला होता, आणि चौथी ते बारावीच्या मुलांचे लेखन सुधारणाऱ्या अकरा गोष्टींमध्ये त्यांनी संगणकावरील लेखनाचा समावेश केला होता. त्याच यादीत आराखडा कसा करावा हे शिकवणे, सारांश लिहायला लावणे आणि मुलांनी मिळून लिहिणे याही गोष्टी आहेत. संगणक या कामांची जागा घेत नाही, हे त्या शिक्षिकांना आणि मला दोघींनाही मान्य होते.

तिसऱ्या आठवड्यात शिक्षिकांनी मला एक निबंध दाखवला. विषय ‘माझा गाव’. एकही चूक नाही. “निसर्गाच्या कुशीत वसलेले”, “हिरवीगार शेते”, “झुळझुळ वाहणारी नदी”. त्या गावात कुळागर (सुपारी-नारळाची बाग) नव्हते, म्हादई नदी नव्हती, काजूचा वासही नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका ॲपने तो लिहिला होता, हे मुलाने पहिल्याच प्रश्नाला कबूल केले. आईला फार वाईट वाटले. “मी तुम्हाला तेव्हाच सांगितले होते,” असे ती म्हणाली, आणि तिचा राग योग्य होता. साधन कोणते काम करील आणि कोणते करणार नाही, हे मी आईला समजावले होते, पण मुलाला स्पष्ट शब्दांत सांगितले नव्हते. ती चूक माझी होती आणि मी आईची क्षमा मागितली.

मुलाला मी एवढेच विचारले की काजूवर दीड पान बोलणाऱ्याला गावावर बोलावेसे का वाटले नाही. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “टीचर, माझे बोलणे लिहिलेले दिसते ना, तेव्हा ते गावठी दिसते. ॲपचे पुस्तकासारखे दिसते.” वर्गात कोणीतरी त्याचा निबंध वाचून त्यातील कोकणी वळणाच्या शब्दांवर हसले होते. आळसातून झालेली नक्कल समजून मी शिस्तीची भाषा वापरली असती, तर हे माझ्यापर्यंत कधीच आले नसते. घरात, बाजारात आणि देवळात मराठी-कोकणी एकमेकींत मिसळून बोलणाऱ्या आपल्या मुलांना स्वतःच्या तोंडचा शब्द कागदावर लाजिरवाणा वाटतो, याचे मला मनापासून दुःख आहे. या लाजेवर कोणत्याही ॲपचा उपाय नाही. उलट गुळगुळीत तयार मजकूर समोर आला की ती वाढते.

त्या शिक्षिकांनी पुढे जे केले त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी वर्गाला घरात, शेतात, बागायतीत वापरले जाणारे दहा शब्द आणायला सांगितले, ते फळ्यावर लिहिले आणि निबंधात त्यांतील किमान तीन वापरण्याची अट घातली. या मुलाच्या ‘कोळंबी’ने फळ्यावरची पहिली जागा घेतली. दुसरे म्हणजे, मुलांनी निबंध संगणकावरील सामायिक दस्तऐवजात लिहायचा असे ठरले. अशा दस्तऐवजात आधीच्या आवृत्त्या जपून राहतात, त्यामुळे निबंध एकदम येऊन पडला की ओळीओळीने वाढला, हे शिक्षिकांना पाहता येते. त्यांनी ते पहारा म्हणून वापरले नाही. “हे वाक्य तू का काढलेस? मला तर आवडले होते,” असे त्या मुलांना विचारू लागल्या. त्या ॲपसाठीही मुलासमोर नियम ठरला: लिहून झाल्यावर “यात वाचणाऱ्याला काय कळत नाही?” असा प्रश्न विचारण्यापुरतेच ते वापरायचे, आणि उत्तर स्वतः लिहायचे.

घरासाठी दोन गोष्टी ठरल्या. मोबाईल कपाटातून बाहेर आला, पण गृहपाठ स्वयंपाकघरातील टेबलावर, आईच्या नजरेसमोर करायचा. आणि पहिला मसुदा आजोबांना वाचून दाखवायचा. आजोबांना त्यात चुका सापडतात, व्याकरणाच्या नव्हे, भाणाच्या आणि चुलीच्या.

मी कोणतेही निदान केलेले नाही. डोळ्यांची तपासणी झाली, आणि लेखनविषयक अध्ययन अक्षमता आहे का हे पाहण्यासाठी त्याला बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेत पाठवले आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि त्यात लिहिण्यातील अडचणही येते. प्रमाणपत्र मिळाले तर दहावीसाठी सवलतींचा अर्ज शाळेमार्फत करावा लागेल, म्हणून मी पालकांना ही तपासणी आठवीतच करून घ्यायला सांगते. दहावीच्या दिवाळीत धावपळ करून ते साधत नाही. वडिलांना या कागदाची भीती वाटते. मुलावर शिक्का बसेल असे ते म्हणतात, आणि त्यांच्याशी माझे बोलणे अजून संपलेले नाही.

गेल्या भेटीत आईने पुन्हा वही आणली. चौकटीच्या पानावर हाताने लिहिलेल्या नऊ ओळी होत्या. ‘हुर्राक’ दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट लिहिलेला होता. ती खाडाखोड शिक्षिकांनी तशीच राहू दिली होती.