वाचकांचे प्रश्न : जिप्सम बोर्डाच्या जोडाला कोणती टेप?

प्रश्न : पार्टिशनच्या जोडांवर चिकट जाळीची टेप लावून बादलीतले तयार कंपाउंड (जोड बुजवायचा लगदा) भरले. काही महिन्यांतच केसासारख्या भेगा दिसू लागल्या. कागदी टेप लावायला हवी होती का?

उत्तर : हो. पण एकट्या टेपला दोष देऊ नका, चुकली ती टेप आणि कंपाउंडची जोडी. फायबरग्लासची जाळी थोडी ताणली जाते, त्यामुळे जोडाची ताकद तिच्या भोकांत भरलेल्या कंपाउंडवर अवलंबून राहते. बादलीतले कंपाउंड पाणी उडून वाळते, वाळताना आक्रसते आणि तुलनेने मऊ राहते. म्हणून जाळीवरचा पहिला हात पाण्यात कालवायच्या, रासायनिक क्रियेने घट्ट होणाऱ्या पावडरचाच द्यावा. लागेल तेवढेच कालवा. एकदा घट्ट होऊ लागले की पाणी घालून ते परत कामाचे होत नाही. वरच्या हातांना बादलीतले चालते, घासायलाही ते सोपे.

कागदी टेप ताणत नाही आणि दोन्ही प्रकारच्या कंपाउंडवर बसते. सपाट जोडांना आमची पसंती तिलाच. आतल्या कोपऱ्यात तर दुसरा विचारच नको, कारण तिला मधोमध घडी असते. बाहेरच्या कोपऱ्याला मात्र धातूची किंवा प्लास्टिकची कॉर्नर पट्टी हवी. तिथे धक्के लागतात.

दुरुस्ती करताना आधी जोडाच्या दोन्ही बाजूंना हाताने दाबून पाहा. बोर्ड हलत असेल तर स्क्रू वाढवा. हलणाऱ्या बोर्डावर कोणतीही टेप टिकणार नाही. मग जाळी खरवडून काढा, 3 मिमीपेक्षा रुंद फट पावडरच्या कंपाउंडने भरून घट्ट होऊ द्या आणि त्यावर कागदी टेप बसवा.

प्रश्न : कागदी टेपखाली फुगे येतात. टेप हलकी असेल का?

उत्तर : बहुधा नाही. फुगा येतो तो टेपखाली कंपाउंड कमी पडल्यामुळे. जोडावर 100 मिमी रुंदीचा, साधारण 2 मिमी जाडीचा थर सलग पसरा. घडीचा फुगीर भाग जोडाकडे ठेवून टेप लावा आणि 150 मिमी रुंद पत्रा (कंपाउंड पसरवायची पातळ पाती) मधून टोकांकडे ओढा. जादा माल कडांतून निघाला पाहिजे, पण पत्रा इतकाही दाबू नका की टेपखाली काहीच उरणार नाही. नवख्यांचा हात नेमका इथे चुकतो. वाळल्यावर बोटाने टिचकी मारा. पोकळ वाजेल तेवढा तुकडा कापून काढा, कंपाउंड भरा आणि नवा तुकडा बसवा. नुसता वरून हात मारून फुगा जात नाही.

दुसरा हात 200 मिमी, तिसरा 300 मिमी रुंद. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. दमट हवेत 24 तासही पुरत नाहीत. कापलेल्या टोकांच्या जोडाला कारखान्यातली उतरती कड नसते, त्यामुळे टेपचा उंचवटा दिसतो. तिथे थर दोन्ही बाजूंना 300 मिमीपर्यंत पसरवून उतार द्या.

प्रश्न : बाथरूममध्ये काय वापरावे?

उत्तर : फायबरग्लासची जाळी, आणि पावडरचे कंपाउंड. सततच्या ओलाव्यात कागदावर बुरशी धरते. टाइलखालच्या सिमेंट बोर्डाला मात्र अल्कलीला टिकणारी जाळी घ्या, साधी नको.