युरोपात गॅसचा पुरवठा आणि मागणी रोज कशी जुळवतात?

हा मेळ मुख्यतः गॅस विकणाऱ्या-नेणाऱ्या कंपन्यांनीच बसवायचा असतो; पाइपलाइन चालवणारी कंपनी फक्त उरलेली तफावत भरून काढते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या ३१२ क्रमांकाच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलंय. मध्य युरोपात ‘गॅस दिवस’ सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६ असा धरतात. किती गॅस आत सोडणार आणि किती काढणार, हे प्रत्येक कंपनी आदल्या दिवशीच कळवते.

विजेसारखा क्षणाक्षणाचा हिशोब इथे लागत नाही, आणि खरी गंमत तीच आहे. गॅस दाबला जातो, त्यामुळे पाइपलाइन स्वतःच एक साठा असते. सकाळी घरोघरी हीटर लागले की नळातला दाब उतरतो, रात्री परत चढतो. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर जाईलसं दिसलं, की ऑपरेटर बाजारात (नेदरलँड्समध्ये टीटीएफ या गॅस-बाजारात) गॅस विकत घेतो किंवा विकतो. दिवसअखेर ज्याचा हिशोब चुकला, त्याला फरकाचे पैसे बाजारापेक्षा वाईट दराने चुकते करावे लागतात.

मात्र नळातला हा साठा काही तासांपुरताच पुरतो. थंडीची लाट आठवडाभर टिकली तर भूमिगत साठे आणि एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) यांनाच हात घालावा लागतो.