आखाजीचं वजन

चि. भाऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या उपग्रहावरच्या मापकाचा आलेख पाहिला. ओझोन सहा वर्षं सलग उतरतोय आणि खाली तू 'घट' असं लिहून मोकळा झालास. तो शब्द आधी खोड.

आमचं चोपड्याला किराणा दुकान होतं. रोजची वजनं आपटून झिजायची. म्हणून वडिलांनी किलोचं एक वजन धोतराच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवलेलं. ते बाहेर निघायचं फक्त आखाजीला. एका पारड्यात ते, दुसऱ्यात रोजचं. काटा किती कलतो ते बघायचं, की पुन्हा पेटीत. आम्हां पोरांना हात लावायची बंदी, बोटांचा घाम लागतो म्हणून.

१९७८ साली निम्बस-७ उपग्रहावर दोन ओझोनमापकं गेली, ती अशा वजनाशिवाय. पृथ्वीवरून परतलेल्या अतिनील प्रकाशाला थेट सूर्यप्रकाशानं भागायचं, आणि तो सूर्यप्रकाश घ्यायचा ॲल्युमिनियमच्या खरबरीत तबकडीवर. दोन्ही यंत्रांत मिळून तबकडी एकच. ऊन खाऊन ती काळवंडली, आखूड तरंगलांबीला जास्तच. ओझोन प्रकाश शोषतो तोही तिथेच! सूर्य मंद दिसू लागला, पृथ्वीचा प्रकाश तुलनेनं जास्त भरला आणि हिशेबात ओझोन उतरला. खरी घट होतीच, अंटार्क्टिकावरचं ओझोनचं विवर १९८५ साली जमिनीवरून ओझोन मोजणाऱ्या डॉब्सन यंत्रानंच जगापुढे आणलं. पण उपग्रह जगभरची घट फुगवून सांगत होता. जमिनीवरच्या नोंदींशी ताडल्यावर ते उघड झालं.

त्या दोन मापकांतलं एक टॉम्स. त्याच्या पुढच्या यंत्रांत मग तीन तबकड्या आल्या: एक कायम उन्हात, एक नेमानं वापरायची, तिसरी अगदी क्वचित उघडायची. ती तिसरी म्हणजे आमचं पेटीतलं वजन. १९८९ ते १९९६ मध्ये तर एक मापक स्पेस शटलमधून आठ वेळा वर नेऊन परत आणलं, दर खेपेला आधी आणि नंतर प्रयोगशाळेत तपासून.

तुझ्या यंत्राच्या तबकडीवर एकूण किती तास ऊन पडलंय, ते काढ. कक्षा सरकून उपग्रह डोक्यावर येण्याची वेळ बदलली का, तेही बघ. डॉब्सनच्या नोंदींशी जरूर ताड. मात्र त्यांच्यावरून दुरुस्ती केलीस, तर पुढे साक्षीला त्याच नोंदी उभ्या करू नकोस. हा मोह फार वाईट, चांगल्या माणसांनाही होतो.

आकडे घेऊन आखाजीला घरी ये. काकू खापरावरचे मांडे करणार आहे. ते वजन अजून पेटीत आहे, दाखवतो.

तुझा,
काका