‘साखळी तुटली, आता काय उरलं?’

“मॅडम, माझ्यात चिकाटीच नाही.” खुर्चीत टेकायच्या आधीच तो म्हणाला. वय एकतीस, नोकरी हिंजवडीत, जाता-येता बसमध्ये तीन तास. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हप्त्यावर घेतलेल्या आयपॅडवर त्यानं सलग १४३ दिवस रोज एक रेखाटन केलं होतं. चहाची टपरी, कंडक्टर, रिक्षात झोपलेला चालक, जे दिसेल ते. मग एक मोठं चित्र करायला घेतलं, वाईजवळच्या मेणवलीचा घाट. पंधरा-वीस दिवस गेले, मध्ये चुलत बहिणीच्या लग्नात दोन दिवस बुडाले आणि आयपॅड जो कपाटात गेला तो गेलाच. मोबाइलमधल्या सवयींच्या ॲपवर १४३च्या पुढे वाढत गेलेला आकडा शून्यावर आला, तो बघवेना म्हणून ॲपही काढून टाकलं.

समुपदेशनाच्या खोलीत ही तक्रार मी महिन्यातून एकदा तरी ऐकते. कोणाची डायरी असते, कोणाचा रियाज. पण आधी मी झोप, भूक आणि इतर गोष्टींतला रस याबद्दल विचारते. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर प्रश्न चित्राचा नसतो, मग वेगळी मदत लागते. याचं तसं नव्हतं. क्रिकेट बघत होता, जेवत होता, फक्त ते एक चित्र टाळत होता.

पुढच्या वेळी आयपॅड घेऊन या, म्हटलं. मला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही, पण माणूस कुठे अडतो ते बघायला आवडतं. तो वापरत असलेल्या प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्ये कॅनव्हासवर किती वेळ काम झालं याची नोंद आपोआप होते. त्याच्या मते ‘काहीच झालं नव्हतं’. नोंद होती नऊ तास चाळीस मिनिटांची. तो गप्पच झाला.

मग आम्ही चित्र होतानाची चित्रफीत पळवून बघितली. सुरुवातीलाच अख्खा घाट उभा राहिला: चंद्रकोरीसारख्या वळलेल्या पायऱ्या, देऊळ, पाणी. त्यानंतर पाण्याचा रंग. हिरवा, करडा, पुन्हा हिरवा, मग संध्याकाळ, मग परत सकाळ. पायऱ्या होत्या तिथेच.

“पायऱ्या का नाही केल्या?”

“कंटाळवाण्या आहेत हो. आणि अर्धा तास बसून चार पायऱ्या झाल्या, तर त्या टाकायच्या कुठे?”

टाकायच्या म्हणजे इन्स्टाग्रामवर. रेखाटन वीस मिनिटांत पुरं व्हायचं, रात्री टाकलं की चार लोक वा वा करायचे. रोजचं काम आणि रोजची शाबासकी एकाच ताटात वाढलेली होती. मोठ्या चित्रात पंधरा दिवस ताट रिकामंच. त्यात डिजिटल चित्राची आणखी एक खोड, म्हणजे माझ्या मते तरी. कागदावरचा जलरंग वाळला की निर्णय संपतो. इथे दोन बोटं टेकवली की मागचा फटकारा गायब, एकमेकांवर ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे चित्राचे थर असतात, त्यातला कुठलाही लपवता येतो, रंग उद्याही बदलता येतो. कुठलाच निर्णय मिटत नाही, म्हणून दमून आलेला माणूस रोज पहिल्यापासून ठरवायला बसतो.

माझं पहिलं सुचवणं साफ चुकलं. पहाटे साडेपाचला उठा, म्हटलं. तीन दिवस उठला, चौथ्या दिवशी बसमध्ये झोपून दोन थांबे पुढे गेला. मग वेळ सोडली आणि रोज हमखास घडणारी गोष्ट धरली: घरी आल्यावरचा चहा. कप खाली ठेवला की आयपॅड उघडायचा. दुसरं, बंद करण्याआधी सगळ्यांत वर एक थर करायचा, त्याचं नाव ‘उद्या’. त्यावर लाल अक्षरांत फक्त उद्याचं काम लिहायचं, ‘डावीकडच्या चार पायऱ्या, कडा’. ठरवणं आज, करणं उद्या. आणि हे चित्र पुरं होईपर्यंत कुठेही टाकायचं नाही.

यावर तो अडला. “मग मी काम करतोय हे कळणार कोणाला?” प्रश्न रास्त होता. शेवटी रविवारी फक्त बहिणीला दाखवायचं ठरलं. ती स्तुती कमी आणि चेष्टा जास्त करते म्हणे, पण बघते.

चुकलेल्या दिवसाचं काय? ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे त्यानं पाठ केलं होतं. त्या आकड्याचं मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या लिखाणात आहे. बदललेल्या चेहऱ्याची रुग्णांना सवय व्हायला निदान एवढे दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांच्या रोजच्या सवयी तपासल्या, तेव्हा सवय मुरायला १८ ते २५४ दिवस असा पसारा निघाला, मधला आकडा ६६. त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, चित्रांच्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. पण एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हे त्यात दिसलं. त्याला मी ते दोनदा ऐकवलं.

तरी खरा उपाय त्याच्याच तोंडून आला. “आमची आई रोज दारात रांगोळी काढते. सणाला मोठी. बरं नसलं तर चार ठिपके देते आणि आत येते. कालची पुसली गेली म्हणून कधी रडली नाही.” तेव्हापासून आमच्या बोलण्यात ‘चार ठिपक्यांचा दिवस’ हा शब्द रुळला. अशा दिवशी फाइल उघडायची, एका पायरीची एक कड ओढायची, बंद. दोन मिनिटं. लग्नाच्या मांडवातही जमेल इतकं.

महिनाभर बरं चाललं, पण दुसऱ्या महिन्यात पाण्याचा रंग दोनदा बदललाच. मी रागावले नाही, फक्त ‘उद्या’च्या थरावर काय लिहिलं होतं ते विचारलं. हसला.

गणपतीत सहा दिवस काहीच झालं नाही. सातव्या दिवशी रात्री त्याचा मेसेज आला: “आज उघडलं. गेल्या आठवड्यातलं लाल अक्षर तसंच होतं, ‘घंटेची सावली’. तेवढी काढली आणि झोपतोय. पायऱ्या अजून अकरा आहेत.”