बिल नंतर, आधी विहीर मोज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ठिबकच्या कंपनीत सेल्सला लागलास आणि जळगाव जिल्ह्यातला रावेर-यावलचा पट्टा मिळाला, हे कळलं. आनंद झाला. या पट्ट्यात ठिबक म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागत नाही, शेतकऱ्याच्या वडिलांनीच त्यावर केळी काढलेली असते. म्हणून गोड बोलून माल खपवणारा इथे एकच हंगाम टिकतो. दुसऱ्या हंगामात त्याची मोटरसायकल दिसली की लोक घरात नसतात.

पहिल्या आठवड्यातच तुला सांगतील, की डीलरच्या दुकानात बस, चहा घे, तोच ऑर्डर देईल. तसं केलंस तर तू डीलरचा माणूस होशील. उद्या त्याने दुसऱ्या कंपनीचा माल ठेवला की तुझ्याजवळ काहीच उरणार नाही. गावातली माणसं, त्यांच्या विहिरी, त्यांची रानं तुला स्वतःला माहीत हवीत. उन्हाळ्यात सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर शेतात जा. दुपार दुकानांसाठी आणि हिशोबासाठी ठेव. मामाच्या ओळखीने दोन-चार ऑर्डरी मिळतील, त्या घे, पण त्यांवर पट्टा चालत नाही.

शेतावर गेलास की आधी विहिरीवर जा. फवारणीचा २०० लिटरचा ड्रम बहुतेक ठिकाणी असतोच. तो पंपाच्या पाइपाखाली धर आणि मोबाइलवर सेकंद मोज. ३५ सेकंदांत भरला तर ताशी साधारण २०,५०० लिटर पाणी आलं. हा उघड्या पाइपाचा आकडा आहे. फिल्टर लागला, दाब आला की घट येते, म्हणून हिशोब १८,००० वर धर. आता रानाकडे बघ. पाच फुटांवर ओळी असल्या तर एकरात ८,७१२ फूट, म्हणजे सुमारे २,६५५ मीटर नळी लागते. दर ६० सेंटीमीटरवर ताशी चार लिटरचा ड्रीपर, म्हणजे नळीतून थेंब सोडणारी तोटी, धरला तर ४,४०० च्या वर ड्रीपर होतात आणि तासाला १७,७०० लिटर पाणी मागतात. याचा अर्थ हा पंप एका वेळी एकच एकर ओढेल. व्हॉल्व्हचा खर्च वाचवायला दोन एकर एकत्र जोडून दिलेस तर दाब पडतो, बांधाकडच्या ड्रीपरमधून नुसते थेंब गळतात आणि तिकडची झाडं खुजी राहतात.

याहून मोठा प्रश्न मे महिन्याचा. पाच बाय पाच फुटांवर एकरात सुमारे १,७४० झाडं बसतात. ऐन उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला २० लिटर धरलं तर एकराला ३५,००० लिटर लागतं, म्हणजे वरच्या पंपाचे दोन तास. शेतकऱ्याला विचार, 'दादा, मे महिन्यात विहीर दिवसभरात एकूण किती तास चालते?' लगेच येणाऱ्या उत्तरावर थांबू नकोस, सालदाराला वेगळं विचार. पंप रोज तोच चालू-बंद करतो. उत्तर चार तास आलं तर पाणी दोन एकर केळीचं आहे. मालक तीन एकर म्हणत असेल तर हे त्याला तोंडावर सांग. तो नाराज होईल, कदाचित शेजारच्या दुकानातून तीन एकरांचा माल उचलेल. उचलू दे. मृगबागेचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीचा, घड भरायची वेळ आणि विहीर तळाला जायची वेळ एकच असते. तेव्हा पाणी तुटलं की रास, म्हणजे घडाचं वजन, बसत नाही, आणि सगळं गाव म्हणतं की ठिबकच खोटं निघालं. ते बिल तुझ्या नावावर नसलेलंच बरं.

भावाबद्दल थोडक्यात. १०० रुपयांच्या मालावर दुकानाला १० सुटत असतील आणि गिऱ्हाइकासाठी त्याने चार रुपये सोडले, तर उरले सहा. तेवढाच पैसा मिळवायला त्याला सुमारे पावणेदोन पट माल विकावा लागतो. हा हिशोब डीलरला कागदावर करून दाखव. भाव पाडण्याचा आग्रह बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

महिनाअखेरीला मात्र जपून राहा. टार्गेट कमी पडलं की वरून फोन येतो, 'डीलरकडे माल भर, पुढच्या महिन्यात बघू.' गरज नसताना नळीची ४० बंडलं गोदामात गेली की काय होतं ते पाहा. पुढच्या महिन्याची ऑर्डर शून्य. पैसे अडकल्यामुळे डीलर तोच माल मागच्या दाराने चोपड्याच्या किंवा मुक्ताईनगरच्या दुकानदाराला पडत्या भावाने देतो, तिथला भाव बिघडतो आणि तिथला तुझा सहकारी तुझ्याशी बोलेनासा होतो. उरलेली बंडलं उंदीर कुरतडतात, भोकं शेतात पाणी सोडल्यावर दिसतात. त्या फोनला उत्तर द्यायला तुझ्याजवळ वही हवी. कोणत्या गावात, कुणाची, किती एकर लागवड, कोणत्या तारखेला, हे त्यात लिहिलेलं असेल तर 'या महिन्यात इतकंच आहे, कांदेबागेला, म्हणजे पावसाळ्याअखेरच्या केळी लागवडीला, सप्टेंबरात इतकं येईल' असं तू ठामपणे म्हणू शकतोस. वही नसलेल्याला होच म्हणावं लागतं.

उधारीची तारीख पिकाच्या पैशावर ठरव. कापसावर असलेला शेतकरी पोळ्याला पैसे देतो म्हणाला तर ती तारीख घेऊ नकोस, तेव्हा खत-फवारणीत त्याचा हात रिकामा असतो. कापूस दसरा-दिवाळीनंतर विकला जातो, केळीचा पैसा कटाईनंतर येतो. त्या तारखेच्या आठ दिवस आधी शेतावर चक्कर मार, पीक बघ, पैशाचा विषय तिथेच काढ. तीन महिने उलटून गेल्यावर मागितलेल्या पैशाला उत्तर म्हणून तक्रारच मिळते.

जोडणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, फिटरवर सोडू नकोस. दुपारच्या उन्हात नळी लांबते. तेव्हा ताणून बसवली की गार पाणी आल्यावर आखडते आणि ग्रोमेटमधून, म्हणजे मोठ्या पाइपाला जोडणाऱ्या रबरी कडीतून, सुटते, म्हणून ती थोडी सैल सोडायला लाव. एंड कॅप लावण्याआधी पाणी सोडून नळ्या धुऊन घे, नाहीतर पाइप कापताना पडलेला चुरा पहिल्याच दिवशी ड्रीपरमध्ये बसतो. मग पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली एकेक मिनिट मापाचा पेला धर. चार लिटरच्या ड्रीपरमधून मिनिटाला ६५-६७ मिली यायला हवं. दोन्हीकडचे आकडे शेतकऱ्यालाच वाचायला लाव आणि त्याच्या हाताने वहीत लिहून घे. फिल्टरच्या आधी-नंतरच्या दाबात अर्ध्या किलोचा फरक दिसला की फिल्टर धुवायचा, हे त्याच्याबरोबर सालदारालाही करून दाखव.

आईला नमस्कार सांग.

ता.क. अनुदानाबद्दल 'महिन्याभरात जमा होईल' असं कुणालाही सांगू नकोस. तारीख तुझ्या हातात नाही. अल्प व अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के, इतरांना ४५, आणि राज्याची पूरक रक्कम धरून ८० व ७५ टक्के होतात. पण ही टक्केवारी सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असते, दुकानाच्या बिलावर नाही. बिल जास्त असेल तर वरचा फरक खिशातून जातो, हे आधीच सांग. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज त्याच्या समोर बसून भर, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येऊ दे, आणि अनुदानाची पूर्वसंमती निघाल्याशिवाय माल गाडीत चढवू नकोस.