कबुलीआधी कलम बघा

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांपासून कॅनडात, ओंटारिओत पीआरवर (कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर) आहे. ट्रक चालवतो. जानेवारीत त्याच्या ट्रकची धडक बसून कारमधल्या एक बाई गेल्या. तो प्यायलेला नव्हता. धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवल्याचा आरोप आहे. त्याला झोप लागत नाही, ‘कबूल करतो, होऊ दे शिक्षा’ म्हणतो. त्याला देशाबाहेर काढतील का?
– एक वडील, नाशिक

उत्तर : काका, काढू शकतात. हद्दपारीचा निकाल बराचसा फौजदारी कोर्टातच लागतो, म्हणून कबुलीची घाई त्याला करू देऊ नका.

तिथल्या इमिग्रेशन कायद्यात कमाल शिक्षा 10 वर्षं किंवा त्याहून जास्त असलेला संघराज्याच्या कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाला की पीआर असलेला माणूस हद्दपारीला पात्र ठरतो. प्रत्यक्ष शिक्षा किती झाली हे तिथे बघत नाहीत. मुलावर लावलेल्या कलमाला कमाल शिक्षा जन्मठेप आहे, म्हणजे न्यायाधीशांनी नुसता दंड केला तरी हद्दपारीचं दार उघडतं. कैद सहा महिने किंवा जास्त झाली, तर हद्दपारीविरुद्धचं अपीलही जातं.

2018 साली सस्काचेवानमध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कोज या हॉकी संघाच्या बसला ट्रकची धडक बसून 16 जण गेले, 13 जखमी झाले. भारतातून गेलेल्या त्या ड्रायव्हरने सगळे 29 आरोप कबूल केले. त्याला 8 वर्षांची शिक्षा झाली आणि मे 2024 मध्ये हद्दपारीचा आदेश निघाला. ती सुनावणी जेमतेम पाव तास चालली. मृतांच्या नातेवाईकांतही एकमत नव्हतं. कुणी त्याला माफ केलं, कुणाला तो देशात नकोच होता. दोघांचंही दुःख खरं आहे. पण शिक्षा भोगलेल्या माणसाचं राहणं कोणी नीट ऐकून न घेता संपावं, हे मला वकील म्हणून पटत नाही.

आता महत्त्वाचं. ओंटारिओच्या वाहतूक कायद्यात निष्काळजी वाहन चालवून मृत्यू घडवण्याचा वेगळा गुन्हा आहे. दंड 50,000 डॉलरपर्यंत, कैद दोन वर्षांपर्यंत. हा प्रांताचा कायदा आहे, संघराज्याचा नाही, म्हणून हद्दपारीचं वरचं कलम त्याला लागत नाही. पुरावा तसा असेल आणि सरकारी वकील तयार झाले तरच मूळ आरोपाऐवजी हा आरोप लावून घेणं जमतं. पण मागायला हवं, आणि ते कबुलीच्या आधीच. फौजदारी वकील आणि इमिग्रेशन वकील एकमेकांशी बोलले आहेत का, एवढं आजच मुलाला विचारा.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलंय की शिक्षा ठरवताना इमिग्रेशनवरचे परिणाम लक्षात घेता येतात, पण गुन्ह्याला न शोभणारी हलकी शिक्षा त्यासाठी मागता येत नाही. पुढे हद्दपारीची वेळ आलीच, तर त्याची नोकरी, घर, पश्चात्ताप हे सगळं सीमा अधिकाऱ्याने प्रकरण पुढे पाठवण्याआधीच लेखी मांडायचं. सुनावणीत त्याला फारसा वाव नसतो.

त्याला भारतात बोलावून घ्यायचं मनात असेल तर ते सोडून द्या. जामिनाच्या अटी मोडल्या तर नवा गुन्हा लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवर अपघाताबद्दल काही लिहू नका, त्यालाही लिहू देऊ नका. त्या बाईंच्या घरच्यांना तुम्ही पत्र लिहिलं असेल, तर ते त्याच्या वकिलाकडे द्या. शिक्षा ठरण्याच्या वेळी ते त्यांच्यापर्यंत पोचवता येईल का, हे वकिलांनाच ठरवू द्या.